उदाराम कोतवालाची शीव

उदाराम आमच्या गावचा कोतवाल होता. डौंडी पिटणं, जन्ममृत्यूची वही ठाण्यावर नेणं आणि पटवारी आला की त्याला शिवेचे दगड दाखवणं, ही त्याची कामं. गाव गोरेगावपासून चार मैलांवर. माझे यजमान गावातल्या शाळेचे हेडमास्तर होते. मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये मॅट्रिकपर्यंत शिकलेली; रोज डायरी लिहायची सवय तिथल्या सिस्टरांनी लावली. पुढच्या तारखा तिच्यातल्याच आहेत.

१९३६ साली नव्या कायद्याप्रमाणे मतदारांच्या याद्या व्हायला लागल्या. मत सगळ्यांना नव्हतं. जमीनवाल्यांना होतं, शिकलेल्यांना होतं, आणि उदारामच्या समाजातल्या ज्या माणसाकडे कोतवाली असेल त्यालाही होतं. तहसीलच्या कारकुनानं हे सांगितलं तेव्हा उदारामनं ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग आमच्या अंगणात येऊन म्हणाला, “मास्तरीणबाई, मालगुजार ज्या रांगेत राहीन, त्याच रांगेत मी राहीन. पाहाच तुमी.”

मालगुजार म्हणजे गावचा जमीनदार; त्याच्या ओसरीवर तो आयुष्यात कधी चढला नव्हता.

११ मे, सोमवार. कारकून आणि पटवारी छोटेलाल नकाशा घेऊन आले. आमचं गाव एका मतदारसंघात आणि पलीकडचं दुसऱ्यात जाणार होतं, त्यामुळे दोन गावांमधली शीव नक्की करायची होती. ऊन मी म्हणत होतं. छोटेलाल आंब्याखाली बसला आणि म्हणाला, “नाला ही सरहद समझो. लिहा आणि चला.”

“नाला दोनदा हटला जी,” उदाराम म्हणाला. “गोटा नाई हटला.”

“अरे, कोण पाहते तुझा गोटा?”

“माह्या बापानं दाखवला मले. मी खोटी शीव कायले दाखवू?”

तीन दगड होते. दोन उघड्यावर होते, तिसरा घाणेरीच्या झुडपात बुजला होता. उदारामनं तो कुऱ्हाडीनं झाडोरा तोडून मोकळा केला, वरची माती हातानं पुसली. नकाशा बरोबर जुळला. दुसऱ्या दगडापासून तिसऱ्यापर्यंत दोरी धरली, तेव्हा ती उदारामच्या झोपडीच्या अलीकडून गेली. त्याचा टोला, म्हणजे वस्ती, नाल्याच्या या काठाला, म्हणून सगळे तो आमच्याच गावचा धरत.

“तू तो उधर का हो गया रे!” छोटेलाल हसला. सगळे हसले. उदारामही हसला. दगड खरा निघाला याचाच त्याला आनंद होता.

ऑगस्टात यादी आली. चावडीच्या भिंतीवर ती उदारामनंच भाताच्या खळीनं चिकटवली. बकऱ्या खळ चाटायला यायच्या, म्हणून पंधरा दिवस तो काठी घेऊन समोर बसला. ज्यांचं नाव सुटलं असेल त्यांनी एकवीस तारखेच्या आत अर्ज करावा, अशी डौंडीही त्यानंच पिटली. वाचता येत नव्हतं. कोणाला विचारावं असंही त्याला वाटलं नाही, कारण कारकुनानंच तर सांगितलं होतं. यजमानांनी ज्यांनी विचारलं त्यांची नावं पाहून दिली. मी बहिणीच्या बाळंतपणासाठी नागपूरला होते.

परत आले चोवीस तारखेला. उदाराम म्हणाला, “बाई, माहं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवा. रुख्माले दाखवाचं आहे.” रुख्मा, त्याची बायको, मागे पदर सावरून उभी होती.

मी यादी दोनदा वाचली. माझं नाव होतं, साक्षर म्हणून. मालगुजाराचं होतं. त्याचं नव्हतं.

“बारीक अक्षर असंन,” तो म्हणाला. मी तिसऱ्यांदा वाचली.

दुसऱ्या दिवशी यजमान पलीकडच्या गावची यादी पाहून आले. तिथं कोतवाल म्हणून शालीकरामचं नाव होतं, कारण तिथला कोतवाल तो. मत राहत्या मतदारसंघातच मिळायचं; उदाराम कोतवाल इकडचा आणि राहणारा तिकडचा. म्हणून दोन्हीकडून सुटला. यजमानांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. “मी एकदा नजर टाकायला हवी होती,” एवढंच म्हणाले.

मी शाळेत शिकलेल्या सगळ्या इंग्रजीनिशी अर्ज लिहिला. उत्तर दिवाळीनंतर आलं, एका ओळीचं. मुदत संपली होती. उदारामला मी ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मीच तं डौंडी देल्ली होती, बाई. एकवीस तारीख.”

“दगड दाखवला नसतास तर?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मंग कोतवाल कायचा?”

फेब्रुवारीत मतदान आलं. आदल्या दिवशी त्यानं गावभर डौंडी पिटली: उद्या गोरेगावच्या शाळेत मत द्यायला जा, कोणाला दिलं ते कोणाला सांगू नका. सकाळी तो सगळ्यांच्या पुढे काठी टेकत चालला. म्हाताऱ्या मतदारांच्या बैलगाड्या त्यानं नाल्यातून ढकलून काढल्या. शाळेपुढे दोर बांधला होता. शिपायानं त्याला दोराबाहेरच थांबवलं. आत मालगुजार रांगेत उभे होते, त्यांच्या मागे आमच्या गावचे कुणबी, आणि बायकांच्या रांगेत मी.

माझा नंबर जवळ आला तशी मी रांग सोडून दोराशी गेले. हळूच म्हटलं, “उदाराम, तुला कोणाला द्यायचं होतं सांग. मी माझं मत त्यालाच देते.”

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं आणि तसंच विझलं.

“सांगता नाई येत, बाई.”

“इथं कोण ऐकतंय?”

“मीच तं सांगून राहिलो होतो काल दिवसभर. कोणाले सांगू नका म्हणून.” मग शिपायाकडे बघत म्हणाला, “जा तुमी. तुमचा नंबर जाईन.”

मी गेले. काय करायला हवं होतं ते मला अजूनही कळलेलं नाही.

पुढची निवडणूक नऊ वर्षांनी आली. उदाराम त्याआधीच्या पावसाळ्यात तापानं गेला होता. त्याच्या मृत्यूची नोंद ठाण्यावर न्यायला पलीकडचा शालीकराम आला, कारण झोपडी त्याच्या हद्दीत होती.

त्या फेब्रुवारीच्या पानावर मी निघाल्याची वेळ, गाड्यांची संख्या, दोर, शिपाई, सगळं लिहिलं आहे. मत कोणाला दिलं ते मात्र लिहिलेलं नाही.