नोटीसकाकी

नोटीसकाकीनं जन्मात कधी कुणाची परवानगी मागितली नाही. ती फक्त कळवायची. "इचारायला नाय आले, सांगायला आले," हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलेलं होतं, की महाडजवळच्या वीर स्टेशनच्या रिक्षावाल्यांनी तिचं नावच नोटीसकाकी ठेवलं. नवरा गेला, त्याचे दिवस झाले आणि ही त्याच्या रिक्षाची किल्ली घेऊन स्टँडवर हजर झाली. म्हणाली, "आजपासनं ही मी चालवणार. माझा नंबर कुठला, बोला." कुणाला काही सुचेपर्यंत ती महाडचं भाडं घेऊन निघून गेलेली होती.

मी मुंबईच्या एका फिल्म कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा माझी तिची गाठ पडली. पदवीसाठी प्रत्येकानं एक छोटा सिनेमा करायचा असतो. तो झाला नाही तर पदवी नाही, सरळ हिशेब. मी महाडची, म्हणून सिनेमा आमच्याच भागात करायचा ठरवला आणि कॅमेरावाला मित्र सौरभ याला घेऊन वीरला उतरले. सोबत लाइटची स्टँडं, लांबलचक काठ्या, पेट्या. रिक्षावाले सामान बघून तोंड फिरवायला लागले. नोटीसकाकीनं मात्र एक काठी उचलून टपावर दोरीनं बांधायलाच घेतली. "काकी, केवढ्याला?" असं मी विचारलं तर म्हणाली, "बस गो आदी. लगीन हाय काय मयत हाय?" मी म्हटलं, सिनेमा आहे, आणि त्यात शेवटी मयत आहे. ती मागं वळून बघत राहिली आणि म्हणाली, "मंग मी येते."

आली ती आलीच. तिची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात होती. सून सुनंदा तिथं शेती बघायची, मुलगा मुंबईला कामाला. मी शूटिंगसाठी गाव शोधत होते, तर काकीनं माझ्यासमोरच सुनेला फोन लावला, "सुने, पावणी येतायत. शिनेमा हाय. किती दिस ते ठाव नाय," आणि ठेवून दिला. अशा रीतीनं आमचं लोकेशन ठरलं.

सिनेमातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची लाज तर मुळीच नव्हती. हिरो कुठंय, हे तिनं मला रोज विचारलं. एक तरी मारामारी घाल, नायतर लोकं झोपतील, असा सल्ला रोज दिला. ऐन शॉटमध्ये ती मागून रिक्षा घेऊन यायची आणि हॉर्न वाजवून "जेवण आलं" असं कळवायची. सौरभ डोक्याला हात लावायचा. पण आमच्याकडे लाइट वाहायला माणसं नव्हती, ती तिनं आणली. यंत्र जोडायला वीज नव्हती, ती तिनं शाळेतून ओढली. शाळेच्या गुरुजींना तिनं विचारलं होतं का, हे मी तिला विचारलं नाही.

माझी गोष्ट साधी होती. डोंगरातल्या वाडीत एक म्हातारी मरते. मुलगे मुंबईत, घाट बंद, वाडीत तरणा पुरुष नाही. तेव्हा सुना आणि लेकी तिला खांदा देतात. या खांद्यासाठीच मी सिनेमा लिहिला होता. बाकी सगळं त्या शॉटपर्यंत पोचायची वाट होती.

आणि तिथंच माशी शिंकली. म्हातारीचं काम करणाऱ्या यमुनाबाईंच्या मुलांनी मुंबईहून फोन करून दम भरला, आई तिरडीवर झोपणार नाही. गावकीनं, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, त्याहून पुढचं सांगितलं: वाडीत खोटी तिरडी बांधायची नाही, आणि बायांनी खांदा द्यायचा तर खोट्यातसुद्धा नाही. कॅमेरा दोन दिवसांत कॉलेजला परत करायचा होता. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, शेवट बदल, मयत दाखवूच नको, खिडकी दाखव आणि बाहेरून आवाज ऐकव. मी रडकुंडीला आले होते, मला ते पटायला लागलं. काकी शेजारी बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "बायांनी खांदा दिलेला आवाजावरनं कळतो काय गो?"

मी म्हटलं, गावकीकडे अर्ज करून बघू, परवानगी मागू. त्यावर ती माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटची चिडली. "तुजं घर कुठं?" म्हणाली. मी सांगितलं, चवदार तळ्यापाशी. तिला ते ठाऊकच होतं. दर मार्चला आमच्या दारात माणसांचा पूर लोटतो आणि माझे आईवडील दिवसभर येणाऱ्यांना पाणी देतात, हेही तिला ठाऊक होतं, कारण त्या दिवसांत वीरहून माणसं आणण्यात ती अग्रभागी असे. "तळ्याच्या दारातली पोर तू," ती म्हणाली, "आणि परवानगी मागतेस?" मला तेव्हा जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटली आणि अंगात बळही आलं.

संध्याकाळी ती मला घेऊन गावकीत गेली. देवळासमोर मंडळी बसली होती. गावकीचे प्रमुख दगडूभाऊ यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पोर कुठल्या घरची?" काकी म्हणाली, "महाडची. तळ्याजवळची." दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग काकीनं तिची नोटीस दिली. "उद्या दुपारी माजं मयत हाय. यमुना नाय तर मी झोपते. घरटी एक बाई येणार, बाया उचलणार. येयाचं त्येंनी या."

दगडूभाऊ म्हणाले, "गावात खोटं मयत निघालं का मागनं खरं निघतं, वयनी."

"खरं तं निघणारच हाय भाऊ, आज नाय तं उद्या. तालीम झाल्याली बरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लाल काठाचं लुगडं नेसून तिरडीवर आडवी झाली. यमुनाबाईंचा चेहरा आधीच्या शॉटमध्ये होता, त्याचं काय, म्हणून सौरभ कुरकुरला. "फुलांनी झाक रे तोंड," काकी म्हणाली, "मेल्यावर सगळ्या सारक्याच." सुनंदा आणि तीन शेजारणींनी तिरडी उचलली. घरापासून वाटेवरच्या आंब्यापर्यंत जायचं, तिथं मी कट म्हणणार, असं ठरलेलं. पण पहिल्यांदा आंब्याच्या अलीकडेच मयत बोललं. "सुने, खांदा बदल गो, माजं डोकं खाली झालंय." दुसऱ्यांदा तिला फुलामुळं शिंक आली. मग मात्र बाया गंभीर झाल्या आणि का कोण जाणे, खऱ्या रडायला लागल्या. आंब्यापाशी मी कट म्हटलं.

आणि त्याच वेळी खालच्या वाडीची माणसं वर आली. काकीची नोटीस त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. त्यांनी समोरच्या उतारावरून तिरडी निघालेली बघितली आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे जो तो घरातलं एक लाकूड खांद्यावर टाकून निघाला. मयताला प्रत्येक घरचं एक लाकूड लागतं. कोण गेलं ते वाटेत कळेल, लाकूड आधी. काकी उठून बसली आणि कुणाकुणाच्या घरचं आलंय ते बघायला लागली. तिला बसलेली बघून एक म्हातारबुवा लाकडासकट खाली बसले.

आता पंचाईत अशी, की मयतासाठी आणलेलं लाकूड घरी परत नेत नाहीत. ते कुठं टाकायचं, यावर वाद सुरू झाला. कुणी म्हणालं नदीत सोडा, कुणी म्हणालं स्मशानात रचून ठेवा. काकी फुलं झटकत म्हणाली, "मेलेली मी हाय ना? मंग लाकडं माजी. चूल पेटवा, सगळी जेवून जातील." त्या लाकडांवर त्या दुपारी भात आणि वालाची आमटी शिजली. सुरुवातीला कुणी पुढं होईना. मग खालच्या वाडीचे तेच म्हातारबुवा पानावर बसले आणि मग सगळेच बसले. दगडूभाऊ आले नाहीत, पण त्यांच्या घरचं मोठं पातेलं आलं होतं.

सिनेमा वेळेत पुरा झाला, मला पदवी मिळाली. वाडीत शाळेच्या भिंतीवर तो दाखवला तेव्हा काकी पुढं बसली होती. संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "मारामारी पायजेल होती. पण मी मेलेली बरी दिसते."

काकी गेल्या वर्षी गेली. आजार थोड्याच दिवसांचा झाला. मी तेव्हा महाडला घरीच होते. सुनंदाचा सकाळी फोन आला आणि मी परसातलं एक सुकं लाकूड घेऊन महाडच्या एसटी स्टँडवर गेले. कंडक्टरनं लाकडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते ठेवायला पाय बाजूला घेतले. बसमध्ये मी पोलादपूरपर्यंत रडले. कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.

वाडीत तिरडी बांधून झाली होती. मुलगा मुंबईहून आला होता. दगडूभाऊ आणि तीन पुरुष उचलायला वाकले, तेवढ्यात सुनंदा पुढं झाली. शब्द सासूचेच होते. "भाऊ, इचारायला नाय आले, सांगायला आले. आईंना आमी उचलणार." दगडूभाऊ ताठ उभे राहिले. त्यांनी काकीच्या मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई सांगून गेली हाय." दगडूभाऊंनी आपलं आणलेलं लाकूड उचललं आणि वाट सोडली.

सिनेमातल्या त्याच बाया होत्या. एक शेजारीण माहेरी गेली होती, तिच्या जागी मी खांदा दिला. मी मागच्या बाजूला होते. पुढच्या दोघी ओळखीची वाट चालत होत्या, त्याच चालीनं, आणि आंब्यापाशी आलो तशा सगळ्याच जणी थांबल्या. कुणी ठरवलं नव्हतं. सिनेमात आम्ही इथवरच आलो होतो. सुनंदानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांनी बघितलं. मी काहीतरी म्हणायची त्या वाट बघत होत्या.

"थांबायचं नाय," मी म्हटलं. "चला गो."