कपलिंग हलकी लागली तर...

आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कोणाचं लेकरू झोपेत दचकलं, की मीठ-मोहरी ओवाळायला पळणाऱ्या बाया असतात ना... त्यांना हसणारी बाई म्हणजे मी. मोहरी चुलीत कशाला टाकता, फोडणीत टाका, असं तोंडावर सांगायची. सगळं आयुष्य रुळांच्या शेजारी काढलं. रुळावर मेलेली माणसं पाहिली, पोत्यानं झाकलेली पाहिली, पण मेलेला माणूस परत आलेला काही पाहिला नाही. म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता. ज्या बायांना मी हसले, त्या आता मला हसतील. हसू द्या. एका बोटानं टाइप करते आहे, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

वर्धा जिल्ह्यातलं आमचं स्टेशन. नाव लिहीत नाही, पोरीची नोकरी आहे तिथं. यार्डाच्या एका अंगाला आमची क्वार्टरं, दुसऱ्या अंगाला कापसाच्या जुन्या जिनिंगची मागची भिंत, आणि त्या भिंतीला लागून यार्डातली शेवटची लाईन. तिथं बाभळी फार. रोजच्या गाड्या त्या लाईनीवर येत नाहीत. दुरुस्तीचे डबे, रूळ बदलणाऱ्या मजुरांचे राहायचे जुने डबे, असलं काही तिथं पडून असतं.

माझी वैशू पॉइंट्समन आहे. बाई असली तरी पॉइंट्समनच म्हणतात! तिचे बाबाही तेच होते. ते काविळीनं गेले, म्हणजे घरात, अंथरुणावर. यार्डात नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचं काम आहे. त्यांच्या जागी अनुकंपावर वैशूला लागली नोकरी. तिचं काम शंटिंगचं. म्हणजे डबे या लाईनीवरून त्या लाईनीवर न्यायचे, तोडायचे, जोडायचे. नवीन डबे एकमेकांना भिडले की आपोआप अडकतात. पण जुन्या डब्यांना माणूस मध्ये शिरावा लागतो. दोन बाजूंना परातीएवढे लोखंडी बफर, त्यांच्या खालून वाकून आत जायचं. मधोमध कपलिंग असते, जाडजूड लोखंडी कडी. ती दोन्ही हातांनी उचलून समोरच्या डब्याच्या हुकात टाकायची. अशी जड, की एकट्यानं उचलली तर खांदा भरून येतो. आणि वर, बरोबर आपल्या छातीच्या उंचीला, एका डब्यातून दुसऱ्यात जायच्या दाराच्या लोखंडी चौकटी. डबे भिडले की त्या चौकटी एकमेकींवर बसतात. त्या वेळी मध्ये कोणी उभं असलं तर... जाऊ द्या. तुम्हाला कळलं.

वैशूचे बाबा जेवता जेवता सांगायचे, "गाडी उभी दिसली म्हणजे माणूस तिले मेली समजते. गाडी मरत नाई. ते फक्त थांबते." आत एका वेळी एकच माणूस जाईल, हा त्यांचा दंडक. आणि मला बजावून ठेवलं होतं, की आत गेलेल्या माणसाला कधी हाक मारायची नाही. दचकला की डोकं वर करतो, किंवा हात सुटतो. मी त्यांना कधी हाक मारली नाही. कितीही घाई असो, बाहेर येईपर्यंत उभी राहायची.

नवतपा चालू होता, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस. विदर्भातल्या माणसाला उन्हाचं काय सांगू! दुपारी यार्डात कुत्रं नव्हतं. रुळांवरची हवा पाण्यासारखी हलत होती. वैशू सकाळी न जेवता गेलेली, म्हणून ताकाची कॅन अन् दोन भाकरी घेऊन मी निघाले. शेवटच्या लाईनीवर मजुरांचे चार डबे होते. त्यातले दोन इंजिनाला लावलेले, आणि दोन मागं सुटे उभे. त्या सुट्या दोन डब्यांना जोडून पुढं न्यायचं काम चाललं होतं. इंजिनाजवळ नत्थूभाऊ, म्हणजे वैशूच्या गँगमधला जुना माणूस, लाल-हिरवी झेंडी घेऊन उभे. डोक्याला ओला दुपट्टा. मला पाहून त्यांनी हात केला.

मी डब्यांच्या अलीकडच्या बाजूनं, त्यांच्या सावलीतून चालले होते. तेवढ्यात इंजिनानं मागं ढकललं, बफर भिडले, आणि धक्क्यानं ते सुटे डबे दोन-अडीच हात मागं सरकले. तिकडं थोडा चढ आहे. चढावर जाऊन थांबले. वैशूनं पलीकडून चाकाखाली लाकडी गुटका दिलेला असणार, कारण ते तसेच उभे राहिले. आता खरं म्हणजे इंजिनाला अजून मागं बोलवून, बफर पक्के भिडवून मगच आत जायचं. पण असं ऊन, आणि कडी आधी मोकळी करून ठेवली तर काम लवकर आटपतं... सगळेच करतात. माझी पोरगीही शिरली.

मला ती दिसली नाही. डब्यांच्या तिरकस बाजूला होते ना मी. पण डब्याखालून पाय दिसतात. वैशूचे काळे बूट दिसले. एका बुटाला नारिंगी नाडी, मीच घालून दिलेली. म्हटलं झालं, आत गेली आहे, आता गप उभं राहायचं.

आणि मग मला दुसरे पाय दिसले.

वैशूच्या बुटांच्या समोर, बोटं तिच्याकडं करून. अनवाणी. खाकी पँट घोट्याच्या वर दुमडलेली. वाटलं, मजुरांपैकी कोणी येडा शिरला. मनातल्या मनात शिवीही घातली मी त्याला. दोघं जण कशाला शिरले आत!

मग माझ्या ध्यानात आलं. नवतप्यातली गिट्टी हो ती. माझ्या पायात चप्पल होती तरी तळवे भाजत होते. अनवाणी माणूस तिथं नाचेल. एक पाय उचलेल, दुसरा टेकवेल. हे पाय हलतच नव्हते. बोटसुद्धा नाही. देवळातल्या दगडी पावलांसारखे टेकलेले... आणि त्यांच्यासमोर माझ्या लेकीचे बूट मात्र जोर लावताना इकडं-तिकडं होत होते.

कॅन कधी हातातून सुटली मला माहीत नाही, ताक पायावर सांडलं तेव्हा कळलं. आणि जी गोष्ट मी जन्मात केली नव्हती ती केली. ओरडले.

"वैशे! बाहेर निघ! निघ वो!"

बूट थांबले. मग बफरखालून वाकून ती माझ्या बाजूला आली. घामानं चिंब, कपाळाला आठ्या.

"काय झालं वो माय? पडली का तू? अशी काऊन ओरडून राह्यली?"

मी तिचा हात धरून ओढला. "मले सोड ना," म्हणत ती दोन पावलं आली असेल नसेल, तोच माझ्या शेजारचं चाक फिरताना दिसलं. आवाज नाही, काही नाही. एवढं मोठं धूड उतारावरून येतं आणि आवाज करत नाही, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला पटायचं नाही. आणि मग धाड! चौकटीवर चौकट बसली. बाभळीवरचे कावळे उडाले.

वैशू माझ्याकडं पाहत राहिली. तिच्या ओठांत रक्ताचा थेंब उरला नव्हता.

मी वाकले. का वाकले, ते विचारू नका. वाकून पाहिलं, तर पाय तिथंच होते. दोन डब्यांच्या मध्ये, उभे. वर माणूस मावायला जागाच उरली नव्हती. चौकटी एकमेकींना चिकटलेल्या. तरी खाली पाय उभेच. आणि आता बोटं माझ्याकडं होती.

मला घेरी आली. खाली बसले, पदर तोंडावर घेतला. नत्थूभाऊ इंजिनाकडून धावत आले. "पोरगी कुठं हाय? पोरगी कुठं हाय?" म्हणत येत होते, ती समोर उभी असून. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तेच रडायला लागले. गुटक्यावर तेल सांडलेलं होतं, तो निसटला होता. डबे का आले त्याचं कारण कळलं, त्यात काही नवल नाही.

पाणी प्यायले, जरा सावरले, आणि म्हटलं, "भाऊ, आत अजून एक जण होता. पाहा त्याले. मले पाय दिसले त्याचे."

नत्थूभाऊंनी डब्याखाली पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. आणि हळूच विचारलं,

"बिनाचपलेचे?"

मी त्यांना अनवाणी असं म्हटलंच नव्हतं हो.

"तुमाले कसं माहीत?" मी विचारलं, तर झेंड्या गुंडाळायला लागले. "काई नाई वहिनी. ऊन लागलं तुमाले. घरी जा, कांदा फोडून खा." त्यानंतर कितीदा विचारलं. भेटले की रस्ता बदलायचे. आता रिटायर होऊन गावी गेले. जाताना वैशूला एवढंच म्हणाले, की त्या लाईनीवर एकटी जात नको जाऊ.

मजुरांचं विचारलं. ते सगळे मशीनबरोबर दूर कामावर गेले होते, डब्यांना कुलपं होती.

घरी आल्यावर वैशूला ताट वाढलं. मग मीच विचारलं, "आत तुझ्यासंग कोण होतं?"

"नत्थूभाऊ होते ना."

"नत्थूभाऊ इंजिनाजवळ होते, वैशू."

ती ताटातली भाकरी कुस्करत राहिली. म्हणाली, "माय, कडी उचलेच ना. घामानं हात सटकून राह्यले होते. मी सोडून बाहेरच येणार होतो. तं समोरून कोणी हात लावला. एकदम हलकी झाली. मले वाटलं भाऊ आले. मी म्हटलं, भाऊ, जरा वर घ्या..."

"मंग?"

"मंग वर घेतली."

"तोंड नाई पाह्यलं?"

"खाली मान घालून करतो ना आपण. डोळ्यांत घाम. तोंड नाई, हात नाई, काईच नाई पाह्यलं. फक्त वजन नाई लागलं."

त्या रात्री आम्ही दोघी लाईट चालू ठेवून झोपलो. मोहरीला हसणारी मी पुढच्याच आठवड्यात केळझरच्या गणपतीला नारळ देऊन आले, आणि गिरडला दर्ग्यावर चादरही चढवली. जिथं जिथं कोणी ऐकतं म्हणतात तिथं सांगून आले.

शेजारच्या बाया म्हणतात, "काकू, तुमचे मालकच असतील ते. लेकीले वाचवाले आले." फार वाटतं हो तसं मानावं. रडूनही झालं त्यावर. पण वैशूच्या बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा डब्याच्या चाकाखाली गेला होता, लग्नानंतर लगेच. त्या पायाला चारच बोटं. ज्या पायांना मी इतकी वर्षं तेल लावलं, ते मी ओळखणार नाही? हे पाय त्यांचे नव्हते. हे पाच-पाच बोटांचे, बारीक, कोण्या तरण्या पोराचे होते.

मग माझं डोकं तिथंच फिरत राहतं. ते पाय दिसले नसते तर मी नियमाप्रमाणं गप्प उभी राहिले असते, आणि पोरगी गेली असती. म्हणजे त्यांनी वाचवली. पण कडी हलकी झाली नसती, तर ती आधीच बाहेर आली असती. मग ते हात लावून तिला आत कोण थांबवून ठेवत होतं? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची सांगड मला आजवर घालता आलेली नाही. तुमच्यात कोणी जाणतं असेल तर लिहा, पण मनाची समजूत घालायला म्हणून काही लिहू नका.

नोकरी सोड, असं तिला म्हणून पाहिलं. "माय, डबे तं कोणीतरी जोडीनच ना," म्हणाली. आता आत शिरायच्या आधी ती वाकून डब्याखाली पाहते. आणि एक गोष्ट तिनं स्वतःच ठरवली आहे. कपलिंग जड लागली तर काम करायचं. हलकी लागली, की जिथल्या तिथं टाकून बाहेर यायचं. कोणी मदत करत असेल तरी नको.

म्हणून ती ड्युटीवरून आली की मी चहा ठेवायच्या आधी विचारते, "खांदा दुखून राह्यला का वो?" ती म्हणते, "लय दुखते, माय." मग मी खोबरेल कोमट करते, तिच्या खांद्याला चोळते, आणि मला फार बरं वाटतं. लेकीचं दुखतं म्हणून बरं वाटणारी आई कुठं पाहिली का तुम्ही?

गेल्या गुरुवारी ती त्याच लाईनीवर होती. आली, बूट काढून पायरीवर बसली. मी विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

म्हणाली, "नाई माय. आज नाई दुखत."