सरांच्या घडीतली मशीन

सर अमरावतीहून सकाळच्या गाडीनं आले, तेव्हा मी नुकतंच शटर वर केलं होतं. अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलाअलीकडे आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. आधी अब्बा बसायचे, ते गेल्यापासून मी बसतो. सर म्हणजे अमरावतीच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवून रिटायर झालेले गृहस्थ. अमरावतीत घड्याळवाले काही कमी नाहीत, पण दर दोन-तीन वर्षांनी आपलं मनगटी घड्याळ साफ करून घ्यायला ते इथवर यायचे. त्या दिवशी त्यांनी ते रुमालातून काढून काउंटरवर ठेवलं.

"बंद पडली बाप्पा. तुहे अब्बा असते तर त्यायलेच देली असती. आता तू पाह्य."

"ठेवून जा सर. आठ दिवसांत करून देतो."

"एक ध्यानात ठेवजो. कंपनीतून निंगाल्यावर ह्या घडीले फक्त तुह्या अब्बाचा हात लागला. दुसऱ्या कोनाले म्या उघडूच देली नाही."

ते मोठ्या अभिमानानं सांगत होते, आणि मलाही ते ऐकून बरं वाटलं.

ते घड्याळ मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण उघडलं कधीच नव्हतं. अब्बा मला उघडू द्यायचे नाहीत. "सर की मैं देखूँगा," एवढंच म्हणायचे. सरांच्या धाकट्या भावानं ते जपानहून आणलं होतं. तो तिकडे ट्रेनिंगला गेला होता. पुढे तो तरुणपणीच वारला, आणि घड्याळ सरांच्या हातावर राहिलं.

त्या जपानी कंपनीनं तेव्हा एकाच आराखड्यावर मशीनींचं, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रांचं, एक घराणंच काढलं होतं. चाबीवर चालणाऱ्या, पातळ, सेकंदाला दहा ठोके देणाऱ्या मशीनी. साधं घड्याळ त्या काळी पाच ठोके द्यायचं. घराण्यात तारीखवाली होती, बिनतारखेची होती, आणि सगळ्यांत वर एक होती. ती निवडून घेतलेली, घड्याळ उभं-आडवं कसंही ठेवलं तरी वेळ हलू नये म्हणून हातानं जुळवलेली. दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. फरक ओळखायचा तो आत कोरलेल्या नंबरावरून. सरांची मशीन त्या वरच्या दर्जाची होती. तबकडीच्या खालच्या काठावर तसा नंबरही होता, भिंगातूनच वाचता येईल एवढा बारीक.

दुपारी मी मागचं झाकण काढलं. भिंग डोळ्याला लावून आतला नंबर वाचला, आणि परत वाचला. मग घड्याळ उलटं करून तबकडीवरचा वाचला.

दोन्ही नंबर वेगळे होते. आत त्याच घराण्यातली, पण खालच्या दर्जाची मशीन होती.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी सरांना फसवलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचं सकाळचं बोलणं आठवलं. उघडणारा माणूस एकच होता. तो माझा बाप होता.

आमचे अब्बा कसे होते ते सांगायला पाहिजे. एखाद्याची स्प्रिंग बदलली, तर तुटलेली जुनी स्प्रिंग ते कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. लोक म्हणायचे, चाचा, हिचं आम्ही काय करू? अब्बा म्हणायचे, फेकून द्या, पण फेकायची तुम्हीच. अशा माणसानं एका मास्तराच्या घड्याळातली उंची मशीन काढून हलकी घातली? मी शटर ओढलं आणि भर दुपारी घरी गेलो.

अम्मी ओसरीत तुरीची डाळ निवडत होती. मी उभ्यानंच विचारलं, "अम्मी, सर की घडी की मशीन अब्बा ने बदली क्या?"

ती सूप बाजूला ठेवून आत गेली आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात एका घड्याळाची रिकामी केस होती, पट्ट्यासकट. आणि बटर पेपरात गुंडाळलेली एक मशीन. तिच्यावर सरांच्या तबकडीवरचाच नंबर होता.

"उनके हात से टूटी," अम्मी म्हणाली. "सफाई करते वखत चक्कर का काटा टूट गया. वो पार्ट कहीं नै मिला. बंबई लिखे, मद्रास लिखे. और सर का भाई गुजर के म्हैना बी नै हुआ था. सर दुकान में आके घडी को हात लगाके रोते थे. किस मूँ से बोलते?"

"तो ये दूसरी मशीन किसकी है?"

"उनकीच. उस्ताद ने वैसीच घडी दी थी उनकू, काम सीखने के बाद. उसमें की निकाल के सर की में डाल दी. बोले, पार्ट मिला के वापस बदल दूँगा."

ठोके देणाऱ्या चाकाची ती केसाएवढी आस, तो पार्ट, कधीच मिळाला नाही. वर्षं गेली. दर दोन-तीन वर्षांनी सर यायचे, अब्बा स्वतःचीच मशीन साफ करून त्यांच्या हातावर बांधायचे आणि काही बोलायचे नाहीत. मी रिकाम्या केसकडे पाहत राहिलो. त्यांच्या मनगटावर मी कधीच घड्याळ पाहिलं नव्हतं. घड्याळवाल्याच्या हातावर घड्याळ का नाही, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

आता काय करावं ते कळेना. मी परत दुकानात गेलो, सरांचं घड्याळ सगळं खोललं, धुतलं, तेल दिलं आणि वेळ तपासायच्या यंत्रावर लावलं. पडद्यावर रेघ उमटली ती दोरीसारखी सरळ, म्हणजे वेळ अचूक. घड्याळ उभं केलं, आडवं केलं, उलटं ठेवलं, तरी रेघ हलेना. खालच्या दर्जाची मशीन अशी चालत नसते. अब्बांनी दरवेळी थोडी थोडी जुळवत तिला वरच्या दर्जाला नेलं होतं. मी स्टुलावर बसूनच राहिलो. आपल्या बापावर चिडावं की त्याच्यासाठी रडावं, हे मला ठरवता येईना.

चौथ्या दिवशी घड्याळ आणि डबा घेऊन अमरावतीला गेलो. हे फोनवर बोलायचं नव्हतं. सरांच्या घरी त्यांच्या मिसेसनी, मॅडमनी, चहा ठेवला. मी चहाला हात लावला नाही. आधी सगळं सांगून टाकलं.

सरांचा आवाज चढला.

"आन् मले काहून नाही सांगतलं त्यानं? म्या काय खाल्लं असतं त्याले?"

"सर, तुमचा भाऊ नुकताच..."

"माहा भाऊ गेला होता, मी नोतो गेलो! तीस वर्षं शाळेची घंटा म्या ह्या घडीवर लावली. पोरायले सांगत गेलो, हे माह्या भावाची मशीन हाय म्हणून."

मॅडम आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी घड्याळ उचललं, कानाला लावलं, खाली ठेवलं.

"मंग हे कोनाची?"

"अब्बांची."

"म्हंजे तीस वर्षं मी तुह्या बापाची घडी घालून फिरून राहिलो?"

"हो सर."

"आन् त्याच्या हातावर काय होतं?"

"काही नव्हतं."

सर उठून मागच्या अंगणात गेले आणि आलेच नाहीत. मॅडम म्हणाल्या, "आज जा बाबू. त्यायले थोडा टाइम दे." घड्याळ आणि डबा तिथंच ठेवून मी परतलो.

पंधरा दिवस फोन नाही. सोळाव्या दिवशी आला. "माह्या भावाची मशीन चालू होईन का?"

जमाना बदलला आहे. मोबाइलवर जगभरच्या घड्याळवाल्यांचे ग्रुप आहेत. आसेसकट जे चाक अब्बांना उभ्या हयातीत सापडलं नाही, ते मला जपानातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं तीन आठवड्यांत पाठवलं. सरांनी सगळं सामान पाठवून दिलं. मी त्यांच्या भावाची मशीन चालू केली आणि तबकडीखाली बसवली. दोन्ही नंबर जुळले. पण यंत्रावर लावलं तर रेघ तिरपी. इतकी वर्षं डब्यात पडलेली मशीन आणि दुसरीकडचं चाक, दोघांचं मन जमेना. चार दिवस झटलो, तरी दिवसाला दहा सेकंद मागं पडायचीच.

सर न्यायला आले तेव्हा मी तेही सांगितलं. "सर, खरं सांगतो, अब्बांची मशीन हिच्याहून चांगली चालते. म्हणाल तर तीच परत घालतो."

"नाही. चालू दे मागं. माहा भाऊही कुठंच टायमावर पोचत नव्हता." ते हसले, पण डोळे पुसून हसले. "तुह्या अब्बाची आता घरी जाऊ दे."

अब्बांची मशीन मी त्यांच्या केसमध्ये बसवली आणि अम्मीला दिली. ती घालत नाही. रोज सकाळी नमाजनंतर चाबी मात्र देते.

घड्याळ न्यायला आले त्या दिवशी जाताना सर दुकानाच्या पायरीवर थांबले होते. घड्याळ मनगटावर बांधून वळले आणि विचारलं, "आनखी काही सांगाचं राह्यलं का तुह्या अब्बाचं?"

मी म्हणालो, "नाही सर, मला माहीत आहे तेवढं सगळं सांगितलं."

त्यांनी मान हलवली आणि स्टेशनाकडे जायला ऑटो थांबवला. मला माफी मागायची होती, पण ती अब्बांच्या वतीनं सरांची मागायची, की गुपित फोडलं म्हणून अब्बांचीच, हे ठरेपर्यंत ऑटो पुलावर गेला होता.