आळशी चाक

सिद्धू मिस्त्री बोलायचा कमी आणि ऐकायचा जास्त. माणसांचं नव्हे हो, गाड्यांचं. त्याची बायको छबूबाई म्हणायची, "माझं बोलणं ह्यांच्या कानात शिरंना, अन् इंजिन जरा कण्हलं की भाकरी टाकून पळत्यात." लढाईच्या दिवसांत तो पुण्याकडं लष्कराच्या गाड्यांवर शिकला आणि मग बारामतीत कालव्याच्या पुलाजवळ पत्र्याची शेड टाकून बसला. आधी कान द्यायचा, मग हात लावायचा, ही त्याची रीत. पण एका गाडीजवळ गेलं की त्याचा तो कान बधिर व्हायचा. ती म्हणजे अंथुर्णे गावच्या आबासाहेबांची जीप.

मागच्या आषाढात आबांच्या एकुलत्या लेकाला, वसंताला, मळ्यात साप चावला. सिद्धू तेव्हा पाण्याचं इंजिन दुरुस्त करायला तिथंच आलेला. त्यानंच बारामतीच्या दवाखान्याकडं जीप हाकली. रस्त्याच्या उजव्या अंगाला कालवा भरून वाहत होता आणि मागं निजवलेला वसंता सारखा म्हणत होता, "पाणी द्या." साप चावलेल्याला पाणी द्यायचं नसतं, असं सगळेच म्हणतात. सिद्धूही म्हणाला, "पोचलो की देतो, वसंतराव." पुढं ओढ्याच्या काळ्या चिखलात गाडी रुतली. मागचं उजवं चाक गरागरा फिरत चिखल उडवत राहिलं आणि डावं जागच्या जागी उभं. बैल आणून गाडी बाहेर ओढली, तोवर पाणी मागणारा उरला नव्हता.

दिवसकार्य उरकल्यावर आबांनी सिद्धूला बोलावलं.

"ते डावं चाक काढ. आळशी हाय. उजवं बिचारं झटत व्हतं, अन् ह्ये उभं ऱ्हाऊन बघत व्हतं."

जन्मभर बैल पारखलेला माणूस तो. जोडीत एक बैल अंग चोरतोय म्हटल्यावर त्याला दावणीला कोण ठेवतो? सिद्धूला ठाऊक होतं की चाकाचा दोष नाही. एक चाक मोकळं सुटलं की दुसऱ्याला जोरच पोचत नाही, गाडीची घडणच तशी. पण त्या बापापुढं हे बोलायचं कोणी? त्यानं मुकाट्यानं नवं कोरं चाक चढवलं. जुनं गोठ्याच्या कोपऱ्यात पडलं आणि एक कोंबडी त्यात अंडी घालू लागली.

वर्ष फिरलं. लेक इंदिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पुन्हा पावसाळा, पुन्हा तोच ओढा. ओढ्याच्या धसक्यानं आबांनी विचारलं, काही उपाय आहे का? तेव्हा सिद्धूनं पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्करी गाडीचं एक यंत्र शोधून आणलं आणि जीपच्या मागच्या दोन चाकांमधल्या आसात बसवलं. "ह्याला कुलूप म्हणायचं, आबा. एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढायला लावतंय, अन् वळणावर जास्त पळणाऱ्याला मोकळं सोडतंय."

कुलूप बसलं आणि गाडीला बाहेरचं काहीतरी लागलं.

सरळ रस्त्यानं निघाली की मागून आवाज यायचा. टक्... टक्... टक्. कोणी आतून बोटानं पत्रा वाजवावा तसा. शिवाय कालव्याच्या रस्त्याला लागली की तिचं तोंड आपोआप उजवीकडं वळायचं. पाण्याकडं.

वसंताच्या आईला, द्वारकाबाईंना, ते कोणी समजावून सांगावं लागलं नाही. "तहान लागलीया माझ्या लेकराला," त्या म्हणाल्या. "आपुन दिलं न्हाय, आता तो सोता जातुया प्यायला." रोज दिवेलागणीला त्या जीपच्या पुढं तांब्याभर पाणी ठेवू लागल्या. सकाळी तांब्या अर्धा झालेला असायचा. कोंबड्या पीत असतील. पण तसं म्हणायची छाती कोणाची?

आबांचं उलटंच. ते काम नसताना गाडी काढायचे, कालव्यानं हळूहळू जायचे आणि मान तिरकी करून ऐकत राहायचे. परत आले की चेहरा निवलेला.

अशात सुईणीनं, साखरबाईनं, इंदिराच्या पोटावर हात ठेवला आणि भुवया वर चढवल्या. "प्वार आडवं हाय. माझ्या हातचं न्हाय ह्ये. कळा लागायच्या आत बारामतीला न्या."

"त्या गाडीत न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "एक नेलाय तिनं."

बैलगाडी ओढ्यातून निघणार नव्हती. आबांनी सिद्धूला सांगावा धाडला.

सिद्धू आला. त्यानं आस उघडला. तेल स्वच्छ, दाते शाबूत, लोखंडाचा कीस नाही. दोन्ही चाकं जॅकवर उचलली, एक धरून दुसरं फिरवलं. कुलूप हलकेच टकटकलं आणि सुटलं, सुटायला हवं तसं. मग तो एकटाच गाडी घेऊन निघाला. सरळ रस्त्यावर ते सुरू झालं. टक्... टक्. भर दुपारी त्याला मागं वळून बघायचा धीर होईना. जीप पाण्याकडं ओढत होती, तो हातातलं चाक डावीकडं दाबून धरत होता आणि कानात त्याचाच आवाज घुमत होता, 'पोचलो की देतो.'

पण कानाची सवय कुठं जाते! थोड्या वेळानं भीतीच्या आतून तो ऐकू लागला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, तेव्हा कुलूप टकटकणारच. मग सरळ रस्त्यावर का? वळण नसताना एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त का चालतंय?

आबांच्या घरी येऊन त्यानं द्वारकाबाईंकडं पानाच्या डब्यातला चुना मागितला.

"आत्ता पान खायाचं सुचतंय व्हय रं?"

"पान न्हाय, आक्का. चाकाला लावायचाय."

दोन्ही चाकांवर खाली, जमिनीला टेकतं तिथं, चुन्याची एकेक रेघ ओढली आणि गड्यांना गाडी सरळ ढकलायला लावली. निघाल्या तेव्हा रेघा बरोबर होत्या. अंगणाच्या टोकाला गेल्यावर उजवी रेघ खाली टेकली, तर डावी अजून मागं. उजवं चाक झिजून बारीक झालेलं, डावं नवं, जाडजूड. जोडीत एक उंच बैल, एक बुटका. बुटक्याला सारखं पळावं लागत होतं, तेच टकटकत होतं. ओढत होतं एकटं उंच. मग गाडीचं नाक बुटक्याकडं वळणार नाही तर काय?

"आबा, गोठ्यातलं चाक परत लावाया पायजे. उजव्याच्या जोडीचं त्येच हाय."

"त्या आळशाला? माझ्या दावणीला न्हाय."

"ते आळशी नव्हतं, आबा. त्याला जोरच पोचत नव्हता. त्याच दिशी सांगायला पायजे व्हतं म्या."

आबा हळूच म्हणाले, "मंग ते बोलत व्हतं, ते कोण?"

"चाक, आबा."

"वसंता न्हाय?"

उत्तर दिलं ते दारातून इंदिरानं, कमरेवर हात दाबून. "आबा, चाक बसवताय, का मी चालत निघू?"

आबा उठले. गोठ्यात गेले, कोंबडीला हुसकलं आणि चाक स्वतः घरंगळवत आणलं.

मागं गादी घालून इंदिराला निजवलं. द्वारकाबाई तांब्या घेऊन तिच्या उशाशी बसल्या. आबा पुढं. सरळ रस्त्याला जीप नीट चालली. मागून आवाज नाही, काही नाही.

"बोलंना की रं," आबा पुटपुटले.

ओढा आला. मधोमध गाडी खचली आणि उजवं चाक गरागरा फिरू लागलं. तोच आवाज, तोच उडता चिखल. आणि त्या गाडीला इतके दिवस भिणाऱ्या द्वारकाबाई मागून ओरडल्या, "वसंता! ढकल रं बाबा! तुझी बहीण हाय!"

टक्.

डाव्या चाकानं चिखल धरला. जीप कण्हत, हिसके देत वर आली.

त्यानंतर कुलपाचं काम सिद्धूनं पुष्कळांना समजावून सांगितलं. द्वारकाबाईंना कधी सांगितलं नाही.

बारामतीला डॉक्टरांनी आडवं मूल फिरवलं आणि दिवस मावळायच्या आत इंदिराला मुलगी झाली. वसंता पोटी येणार म्हणून सगळे वाट बघत होते, ही आली ती अशी भोकांड पसरत, की आबा दाराबाहेरून म्हणाले, "गाडीपरास मोठा आवाज हाय हिचा." आणि कोणाला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडं केलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धू रिकामी जीप अंथुर्ण्याला पोचवायला निघाला. ओढा ओलांडून कालव्याला लागला. गाडी आता पाण्याकडं ओढत नव्हती. त्यानंच ती थांबवली. मागं द्वारकाबाईंचा तांब्या राहिला होता. तो घेऊन सिद्धू काठावर उतरला, भरून आणला आणि वसंताला जिथं निजवलं होतं तिथं, मागच्या फळीवर, ठेवला.

"घ्या, वसंतराव," तो म्हणाला. "उशीर झाला."

मग पाणी सांडू नये म्हणून अंथुर्ण्यापर्यंत गाडी अगदी हळू नेली.