आबा मातीत पाय ठेवत नसत

आबा श्रीलंकेतल्या लढाईवरून परतले ते धडधाकट. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांनी फौजेतून पेन्शन घेतली आणि आम्ही साताऱ्याहून ऐरोलीला राहायला आलो. तेव्हा तिथं इमारती थोड्या, मोकळे प्लॉट जास्त. सगळे प्लॉटमधल्या पायवाटेनं बाजारात जायचे. आबा डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घालून. सोसायटीतले लोक हसायचे. आई म्हणायची, "मिलिट्रीची सवय हाय त्यांची."

एकदा धाकटी बहीण चेंडूमागं प्लॉटमध्ये पळाली.

"हलू नको! हाय तिथंच थांब!"

आबांचा तसा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. ती जागच्या जागी रडायला लागली. आबा तिच्याच पावलांवर पाय ठेवत गेले, तिला उचलून आणलं आणि रस्त्यात बसून थरथरत राहिले. मग म्हणाले, "लंकेत माझ्या पुढं चालणारा पलटणीतला पोरगा असाच गेला. खाली सुरुंग होता." पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आईनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, ताकदीची इंजेक्शनं दिली. हा मनाचा आजार असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मी कॉलेजात असताना आई काविळीनं गेली. स्मशान खाडीकडे, शेवटचा रस्ता कच्चा. मी मडकं घेऊन पुढं, मागं तिरडीला आबांचा खांदा. डांबर संपलं तिथं ते थांबले. मागचे अडखळले.

"दाजी, चला की," मामा म्हणाले.

आबांना घाम फुटला होता. मी वळून म्हणालो, "आबा, माझ्या पावलांवरनं या."

त्यांनी पाय उचलला, पुन्हा मागं घेतला. "तू जा," ते म्हणाले. "तिला नीट घेऊन जा."

मामांनी त्यांच्या खांद्यावरचा बांबू ओढून घेतला. बायकोला पोचवायलाही न आलेल्या त्या माणसाशी ते पुढं कधीच बोलले नाहीत.

आम्ही परतलो तेव्हा आबा तिथंच, रस्त्याच्या कडेला उभे होते. मला म्हणाले, "खाली मातीत ठेवलं का रे तिला?"

"नाही आबा. सिमेंटचा ओटा आहे तिथं."

त्यांनी मान हलवली, आणि माझा हात धरून लहान पोरासारखे रडायला लागले.