तात्या हजर होते

ये, अशी जवळ सरक. समोर नसलीस तरी वाचताना तरी जवळ बस, उभ्या उभ्या वाचू नकोस. काल फोनवर केवढा बारीक आवाज काढलास गं! "काकूआजी, आमचे आजोबा जेलात होते म्हणे?" होते की. त्यात कुजबुजायचं काय? तुझ्या आजोबांनी ही गोष्ट आयुष्यात कधी हळू आवाजात सांगितली नाही, आणि नात विचारते ती अशी, जणू तिच्याच हातून चुलीवरचं दूध उतू गेलंय.

आमच्या बौद्धवाड्यात माझ्या या दिरांना सगळे दावेवाले तात्या म्हणायचे. लग्नाचं बोलावणं आलं की तात्या विचारणार, "त्या दिशी तारीख न्हाय ना माझी? मग येतो." कुणी चहा दिला तर चहा पिऊन वर ऐकवायचे, "सरकारावर दावा हाय माझा. साधा माणूस समजू नका." तुझी आजी आतून बोलायची, "सरकाराशी भांडाया येळ हाय, पत्रा गळतोय त्यो बगाया न्हाय." त्यावर तात्या म्हणत, "पाऊसच न्हाय तर गळंल कशानं?" आणि खरंच, पाऊस नव्हताच तेव्हा.

दुष्काळाचं साल होतं. भूमच्या बाजूला तर विहिरींचे तळ कोरडे पडलेले. तात्या, मी, तुझी आजी, सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला. टँकरचं पाणी एका पिंपात ओतत आणि मुकादम आमच्या बायांना सगळ्यांत शेवटी, वरून धरून पाणी घालायचा. तोवर पिंपात गाळ उरलेला. एक दिवस तात्यांनी आमच्या घागरी उचलल्या आणि ओळीत जिथं आमचा नंबर होता तिथं नेऊन ठेवल्या. बस, एवढाच गुन्हा. दुसऱ्या दिवशी मुकादमानं फिर्याद दिली की यानं कामावरची घमेली चोरली. पोलीस आले तेव्हा तात्या म्हणाले, "दुष्काळात मानूस भाकर चोरतो साहेब, घमेलं काय चावाया येतं व्हय?" सगळी हसली. पोलीस हसले नाहीत.

हातात बेडी, बेडीला दोर, आणि भर बाजाराच्या दिवशी भाजीच्या ओळीतून, कापडवाल्यांच्या ओळीतून तात्यांना चालवत नेलं. दुसरा मोकळा रस्ता होता, तो सोडून. मी तिथं मिरच्या घेत होते, डोळ्यांनी पाहिलं. मग जामीन मिळेना, महिनोन्महिने जेल. शेवटी कोर्टानं निर्दोष सोडलं. घमेली सापडणार कुठून, गेलीच नव्हती तर! लोक म्हणाले, सुटलात ना तात्या, आता सोडून द्या. तात्या म्हणाले, "गुन्हा केला असता तर मान खाली घातली असती. न केल्याल्या गुन्ह्याची बेडी लई जड असती." आणि त्यांनी सरकारवर दावा लावला. बाजारातून बेडी घालून फिरवलं ते गैर होतं, एवढं कोर्टानं म्हणावं, हेच त्यांचं मागणं.

वकील उमरग्याकडचे होते. बोलता बोलता कानडीत शिरायचे, पण माणूस सोन्यासारखा. मी साक्षीदार, म्हणून प्रत्येक तारखेला तात्यांबरोबर एसटीनं जिल्ह्याला जायची. एका तारखेला वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकले, म्हणून तात्यांनी मला त्यांना बोलवायला धाडलं. आम्ही परत आलो तर शिपाई तीनदा पुकारा करून आत गेलेला, आणि जजसाहेबांनी वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकलेला. आणि गैरहजर वादी कुठं? कोर्टाच्याच ओसरीवर! जेलातून तारखेला आणलेले कैदी दोन-दोनच्या ओळीत उकिडवे बसले होते. त्यातला एक तात्यांचा जेलातला सोबती. त्याच्याशी दोन शब्द बोलायला गेले, तेवढ्यात हवालदार ओरडला, "बसा रे!" तर तात्याही बसले. नाव पुकारलं तेव्हा जेलातल्या हजेरीसारखी मान खाली आणि हात वर. आम्ही पोचलो तरी हात वरच. शिपायानं वकिलांत पाहिलं, पक्षकारांत पाहिलं. कैद्यांच्या ओळीत वादी कोण शोधतो?

काढून टाकलेला दावा परत सुरू करावा म्हणून अर्ज करायचा ठरला. कारण पटलं नाही तर दावा कायमचा बुडणार होता. वकीलसाहेब म्हणाले, "ताप आला होता असं लिहू. डॉक्टरचा दाखला मी आणतो." तात्या ऐकेनात. "घमेल्याचं खोटं त्यांनी लिवलं, आता तापाचं खोटं आपुन लिवायचं? म्या तितंच हजर व्हतो, तसंच लिवा." वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला आणि तसंच लिहिलं.

सुनावणीला सरकारी वकील हसत उभे राहिले. हजर होता, तर ओ का दिली नाही? जजसाहेब तात्यांना म्हणाले, कसे बसला होता ते दाखवा. तात्या भर कोर्टात खाली बसले, उकिडवे. मान खाली, हात वर. जजसाहेब म्हणाले, कळलं. तात्या उठेनात. आमच्या वकिलांनी खुणावलं, तरी नाही. सरकारी वकिलांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

मग मान तशीच ठेवून तात्या बोलले, "साहेब, शिपायानं काठी लावल्याबिगर उठायचं न्हाय, तितला शिरस्ता हाय. म्या सुटून आलो, पर अंग अजून सुटलं न्हाय."

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "इथं काठी नाही. उठा," म्हणाले.

तात्या उठले, आणि दावा परत बोर्डावर आला. एसटीत मी विचारलं, "तात्या, खरंच उठवत नव्हतं, का त्या वकिलाची जिरवायची होती?" खिडकीबाहेर बघत म्हणाले, "थोडं थोडं दोन्ही, वैनी." अजून मला त्यातलं किती किती ते कळलेलं नाही.

पुढं पुष्कळ तारखा झाल्या, मी साक्ष दिली, आणि बेडी घालून बाजारातून नेणं गैर होतं असा निकालही लागला. तात्यांनी तो ऐकला, मगच गेले. तू तेव्हा पाळण्यात होतीस. पण मला विचारशील तर त्यांची खरी कमाई वेगळीच. त्या अर्जानंतर तिथला शिपाई तिसरी हाक ओसरीच्या टोकाला जाऊन द्यायचा, कैद्यांच्या ओळीकडे वाकून बघत. नवा शिपाई आला, त्यालाही जुन्यानं तेच शिकवलं. का, ते त्याला ठाऊक नसेल.

उन्हं वाढायच्या आत ये एकदा. कोर्टात जाऊ, ती ओसरी दाखवते. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तूच तिथं हात वर करून उकिडवी बसून बघ जरा वेळ. कुणी विचारलं तर मोठ्यानं सांग, दावेवाल्या तात्यांची नात आहे म्हणून. ये बाई, लवकर ये.