सासूबाई सिनाई चढल्या तेव्हा

जर्मनीत, वाल्डॉर्फला ऑफिसच्या कँटीनमध्ये होते, तेव्हा पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, आई गेली." दीड महिना झाला, तरी सासूबाईंची आठवण आली की आधी त्यांच्याशी वाद घालावासाच वाटतो मला... काय करणार, इतक्या वर्षांची सवय!

गेल्या वर्षी त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा एकच गोष्ट त्यांना खुपत होती. इराला, माझ्या दहा वर्षांच्या लेकीला, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. "नात माझी, आणि मध्ये दुभाषी तू!" त्या म्हणायच्या. मला राग यायचा, कारण खरंच होतं ते.

ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही तिघी इजिप्तला समुद्रावर गेलो. दोन दिवसांत त्या कंटाळल्या. मोझेसला देव भेटला म्हणतात तो सिनाईचा डोंगर तिथून जवळ आहे, हे कळलं मात्र, झालं! "अहो आई, तो आपला देव नाही." "देवाचा डोंगर आहे ना? मग चढायचा."

पायथ्याशी उंटवाले होते. "देवाला काय उंटावर बसून जातात होय?" म्हणत त्या काठी टेकत वाटाड्याबरोबर निघाल्या. इराही त्यांच्यामागे. मी मात्र निमूट उंटावर बसले आणि पुढे गेले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

उंटाची वाट संपून दगडी पायऱ्या लागतात, तिथे तासभर बसून राहिले. झाड नाही, पाखरू नाही, नुसता तांबडा खडक... आणि वळणापलीकडून आवाज आला, "आजी, तू खोटं बोलतेस! सारखं आलं आलं म्हणतेस, कुठे आलं?" चक्क मराठीत! सासूबाई दम खात हसत होत्या. "मध्ये कोणी नव्हतं ना, मग बोलली," त्या मला म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

माथ्यावर त्यांनी खडकाला हात लावून नमस्कार केला आणि इराच्या हातावर खडीसाखर ठेवली. दोघींचं बोलणं उतरेपर्यंत संपलं नाही, त्या पुण्याला परतल्यावर फोनवरही नाही.

त्या गेल्यापासून माझ्या सासऱ्यांनी बोलणंच टाकलं होतं. धड जेवतही नव्हते. मुलगे विनवून थकले. परवाच्या रविवारी इराने मला न विचारता त्यांना फोन लावला. तिचं मराठी सगळं आजीकडून आलेलं, त्यामुळे आजोबांशी बोलायचं तेही आजीसारखंच.

"अहो, जेवलात का?"

मी घाबरून फोन घ्यायला धावले. तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला.

"नाही गं अजून. थांब, पान वाढून घेतो. तू बोलत राहा."